नाव भिंतीकडे करून ठेवलेला तांब्या

इझाबाय गेली त्याला परवाच्या मंगळवारी सहा आठवडे झाले. त्या सकाळी मी तिसरीच्या मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. तिचा भाचा उत्तनहून सायकल हाणत आला आणि शाळेच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, "बाई, आत्यानं बोलावलंय. लगेच चला." टांगा मिळेपर्यंत तासभर गेला. मी पोचले तेव्हा पाद्रीबुवा येऊन गेले होते, कपाळाला तेल लावून झालं होतं, बायका माळ हातात घेऊन प्रार्थना म्हणत होत्या. आणि उशाशी, त्या सगळ्या क्रिस्तांव बायकांच्या मध्ये, खारीची काशी बसली होती. आगरी बाई, कासोटा घातलेली, गुडघ्यांपर्यंत चिखलाचे शिंतोडे. खारीहून उत्तनपर्यंत चालत आली होती. तिच्या हातात पितळी वाटी होती, वाटीत तिच्या घरच्या विहिरीचं पाणी. ती चमच्यानं इझाबायच्या ओठांत पाणी सोडत होती आणि ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर ओघळत होतं. दोनदा, तीनदा तसंच झालं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, "बाई, तुमी घाला. तुमच्या हातचं घेल ती."

माझा हात इतका थरथरायला लागला की निम्मं पाणी उशीवर सांडलं. दोन थेंब आत गेले. ते तिनं गिळले. डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मिटले. खोलीतल्या बायका पुढे कित्येक दिवस म्हणत होत्या, किती हो मैत्रिणीवर जीव, हात कसा कापत होता. माझा हात का कापत होता ते मात्र कोणी विचारलं नाही.

या वर्तमानपत्राच्या संपादकांनी मला चार शब्द लिहायला सांगितले. तुमचा इतक्या वर्षांचा स्नेह, तिच्या सेवाभावी वृत्तीविषयी लिहा म्हणाले. सेवाभावी वृत्ती! हा शब्द इझाबायनं ऐकला असता तर तपकिरीची चिमूट नाकात कोंबून अशी शिंकली असती की बंदरावरचे कावळे उडाले असते. तिच्या सेवेविषयी लिहायला माणसं पुष्कळ आहेत. मी लिहिते आहे ते वेगळ्या कारणासाठी. दहा वर्षं या बाईनं माझी एक चूक स्वतःच्या नावावर वागवली. त्या चुकीत एक पोर गेली. हे आता तरी कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे.

इझाबेल हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव, पण भाईंदर बंदरापासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत तिला त्या नावानं कोणी ओळखलं नसतं. वडिलांची मासेमारीची होडी होती. मुंबईच्या एका इस्पितळात नर्सचं शिकून तिथंच आठ वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आणि आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आली. मिठागरवाल्यांनी वर्गणी काढून बंदराजवळ एक दवाखाना चालवला होता. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईहून यायचे. बाकीचे पाच दिवस दवाखाना म्हणजे इझाबाय. मिठागर म्हटलं की मुंबईच्या लोकांना पांढऱ्याशुभ्र राशी आठवतात, सहलीला येतात, वा वा करतात. मला तिथली पोरं आठवतात. कोणी गाडीच्या चाकाखाली आलेलं, कोणी ताडावरून पडलेलं, कोणी मचव्याच्या फळीवरून घसरून मचवा आणि धक्क्याच्या मध्ये सापडलेलं. मोठ्या माणसाचं एक हाड मोडतं. पोराचं तसं नसतं, एकाच दणक्यात डोकं, बरगड्या, पाय सगळ्यालाच लागतं, आणि नेमकं कशानं ते दगावतंय हे वरून दिसत नाही... हे मला तिनं शिकवलं.

आमची ओळखही तशीच झाली. मी नुकतीच इथल्या मुलींच्या शाळेवर आले होते. विधवा, तिशीच्या आतली, ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत चिंचेवरून पडली. मी नुसती हात चोळत उभी. कुणीतरी इझाबायला आणलं. तिनं आल्याआल्या माझ्यावर तोंड टाकलं, "ए बाई, रडायला मागाहून वेळ हाय. खाली बस. डोकं धर दोन्ही हातांनी. हलवू नको. हां... अशी." अर्धा तास मी ते डोकं धरून बसले. ती मुलगी वाचली. त्यानंतर असं काही झालं की इझाबायचा निरोप यायचा, मास्तरणीला बोलवा, तिचा हात स्थिर हाय. माझा हात स्थिर! काय एकेक गोष्ट नशिबी असते.

तिच्या कामाची रीत ठरलेली होती. पोराला हात-पाय धरून उचलायचं नाही. जवळच्या घराचं दार बिजागरीतून काढायचं, त्यावर सरकवायचं, दारासकट न्यायचं. बंदरावर ज्यांची दारं अशी कितीदा तरी निघाली ते लोक चेष्टेनं म्हणत, इझाबाय आली, आता आमी उघड्यावर. जे पोर रडतंय त्याच्याकडे मागाहून पाहायचं, जे गप्प आहे त्याच्याकडे आधी. कपडे ओढून काढायचे नाहीत, कापायचे. जखमेत हळद नाही, चुना-तंबाखू नाही. रक्त थांबवायला पट्टी आवळून बांधली की कॉपिंग पेन्सिल थुंकीनं ओली करून पोराच्या कपाळावर वेळ लिहायची, म्हणजे मुंबईच्या डॉक्टरला कळावं. या लिहिण्यावर बायका फार चिडत. पाचवीच्या रात्री सटवाईनं कपाळावर जे लिहायचं ते लिहून ठेवलेलं असतं, त्यावर ही बाई आपलं जांभळं काय खरडते, असं त्यांचं म्हणणं.

पण खरी चीड होती पाण्यावरून. आपल्याकडे कोणी पडलं, लागलं, भोवळ आली, की पहिल्यांदा पाणी. उन्हातून आलेल्याला गूळपाणी, मरणाऱ्याच्या तोंडात पाणी. वैऱ्यालासुद्धा तहानेला ठेवू नये म्हणतात. आणि ही बाई रक्तबंबाळ पोरं 'पाणी, पाणी' करून ओरडत असताना पाण्याचा थेंब देऊ देत नसे. ओल्या कापडानं ओठ तेवढे पुसायची. आयांनी पाया पडावं, शिव्या द्याव्यात, ही आपली दगडासारखी. "पाणी नाय. मुंबईला गेल्यावर बघू." का नाही, ते सांगत नसे. मीही कधी विचारलं नाही. मला वाटे, असेल काहीतरी इस्पितळातला नियम.

माझाही एक नियम होता, तो इथं सांगावाच लागेल. मी ब्राह्मणाची विधवा. शाळेत सगळ्या जातींच्या मुली शिकवत होते, सुधारकी बोलत होते, पण पाणी मात्र घरचं. लग्नात आईनं फिरकीचा तांब्या दिला होता, झाकण फिरवून घट्ट बसणारा, 'सौ. कमला' असं नाव घातलेला. नवरा गेला, 'सौ.' गेलं, तांब्या राहिला. बाहेर जाताना तो माझ्या पिशवीत असायचाच. इझाबायच्या घरी मी तासन्‌तास बसायची आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची. ती म्हणायची, "माझ्या माठातल्या पाण्याला काय शिंगं हायत काय गो?" मी हसायची, पण तिच्या माठाला हात लावला नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारी जेवून मी बोरिवलीला एका नातलगाकडे जायला निघाले होते. पिशवी खांद्याला, तांब्या पिशवीत. बंदराजवळ आले तोच ओरडा ऐकू आला. धक्क्यावर मिठाच्या गोणींची थप्पी लावलेली होती, माणसाच्या दीडपट उंच. पोरं तिच्या आडोशाला लपंडाव खेळत होती आणि थप्पी कोसळली. हमाल गोण्या उपसत होते. दोन पोरं सापडली. एक नारू, पाच वर्षांचा. दुसरी हिरी.

हिरी माझ्या चौथीच्या वर्गातली. खारीच्या काशीची एकुलती एक. काशी मिठागरावर पाट्या वाहायची, नवरा मचव्यावर, घरात सात पिढ्यांत कोणी पाटीला खडू लावला नव्हता. मीच काशीच्या मागे लागून लागून पोरीला शाळेत घातलं होतं. आणि पोरगी अशी की वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. रस्त्यानं चालताना पाट्या वाचायची, मोठ्यांदा. काशी कपाळावर हात मारून म्हणायची, "हिला काय ग्वाड लागतं त्या अक्षरांत, देव जाने." पण म्हणताना तिचा चेहरा फुललेला असायचा.

त्या दिवशी हिरी किंचाळत होती. मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, उजवा हात कोपरापासून लोंबत होता, मिठानं भरलेली जखम. नारूच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तो गप्प पडून आभाळाकडे बघत होता. इझाबायनं आधी नारूचं पोट चाचपलं, मग हिरीची मांडी आवळली, बांबूच्या खपच्या बांधल्या, कपाळावर वेळ लिहिली, आणि पुन्हा नारूच्या पोटावर हात ठेवला. हिवतापानं इथल्या पोरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली असते, ती आतल्या आत फुटली की पोर शांतपणे मरतं. तिचा चेहरा पाहून मी समजले. मुकादमाच्या खोलीचं आणि शेजारचं अशी दोन दारं निघाली. तेवढ्यात काशी मिठागरातून धावत आली. हिरी म्हणाली, "आये, पानी."

काशीनं कुणाचा तरी गडवा उचलला. इझाबायनं तिचा हात धरला. काशी तिच्या पायांवर पडली. "योक घोट दे गो बाय. योकच. तान लागलीय माज्या लेकीला." इझाबाय म्हणाली, "नाय." मग काशी उठली. केस सुटलेले, हात खाऱ्या पाण्यानं चिरलेले. साऱ्या बंदरासमोर तिनं शाप दिला, "जलो तुजं शिक्षान! मरशील तवा तुज्या तोंडात पानी घालाया कोन नसंल, ह्ये काशीचं वाक्य हाय." इझाबायनं ऐकलं आणि हमालांना म्हणाली, "उचला."

स्टेशनमास्तरांनी गाडी थांबवून धरली. गार्डाच्या डब्यात दोन दारं आणि आम्ही दोघी, एवढंच मावलं. काशीला मागून येणाऱ्या गाडीनं ये म्हटलं. डब्यात इझाबाय नारूपाशी बसली, आमच्याकडे पाठ करून, बोटं त्याच्या नाडीवर, कान त्याच्या छातीशी. मला म्हणाली, "ही तुझ्याकडं. पाणी नाय. बाकी बोलत राहा तिच्याशी." मी बोलत राहिले. हिरी आता ओरडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "बाई, माज्या कपालावर काय लिवलंय?" मी खोटंच सांगितलं, "तुझं नाव." त्यावर ती जरा हसली. मग म्हणाली, "बाई, पानी." मी ओठ पुसले. "बाई, योकच घोट." पुन्हा पुसले. असं किती वेळा झालं असेल... दहिसर गेलं, बोरिवली गेलं, जिथं मी उतरून लाडू खायला जाणार होते. ती आता नुसते ओठ हलवत होती आणि माझ्या पिशवीकडे बघत होती. वर्गात मी त्यातूनच पाणी पिते हे तिनं शंभरदा पाहिलं होतं.

मी तांब्या काढला. तिला दिसावा म्हणून नव्हे, माझ्या घशाला कोरड पडली होती म्हणून... नाही, हेही खोटं. तिला द्यायचा म्हणूनच काढला. तिच्या डोळ्यांसमोर तो आला आणि त्या अवस्थेत पोरीनं सवयीनं वाचलं, "सौ. कमला." मग विचारलं, "कमला कोन, बाई?" "मी." ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमालाबी नाव हाय?" मला रडू फुटलं. मी फिरकी उघडली आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. वरून धार धरली नाही, लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं भांडं दुसऱ्या जातीच्या तोंडाला लावू दिलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आज मी काहीतरी मोठं केलं. आज माझा सगळा कोतेपणा धुऊन निघाला. गटागटा प्याली ती. अर्ध्याहून जास्त तांब्या. "ग्वाड हाय," म्हणाली. इझाबायची पाठ आमच्याकडेच होती. मी फिरकी लावली.

इस्पितळात नारूला आधी घेतलं. त्याचं पोट उघडलं, पानथरी काढली. तो जगला. आज खारीत आहे, मिठागरावर जातो. हिरीला मागून घेतलं. मांडी साफ करून हाड बसवायचं म्हणजे क्लोरोफॉर्म देणं आलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी इझाबायला सांगणारही होते की मी तिला पाणी दिलं, बघ, काही झालं नाही. दरवाजा उघडला आणि डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, चेहरा पडलेला. क्लोरोफॉर्मच्या गुंगीत तिला उलटी झाली, पाणी श्वासनळीत गेलं. पोट पाण्यानं भरलेलं होतं. सगळे उपाय केले, म्हणाले. मग विचारलं, "हिला पाणी कोणी पाजलं?"

इझाबायनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर पिशवी होती, त्यातून तांब्याचं झाकण दिसत होतं. फिरकी नीट बसली नव्हती, पिशवी ओली झाली होती. तिनं हात घालून तांब्या बाहेर काढला, आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मी पाजलं." डॉक्टर इंग्रजीत काय काय बोलले. इतकी वर्षं इस्पितळात काढलेली नर्स, तुला समजू नये... ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी? मी बसून होते. लाज नावाची गोष्ट असते ना, ती मला त्या दिवशी कळली आणि तेव्हाही ती माझ्या जिभेपर्यंत आली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत काशी आली, शेजारणीला धरून. पोरीला पाहिलं. किती वेळ गेला ते मला आठवत नाही, आठवायचंही नाही. मग वॉर्डातली आया तिला धीर द्यायला म्हणाली, "रडू नको बाई, या नर्सबाईनं तिला पाणी पाजलं होतं हो." बिचारीनं चांगल्या मनानंच सांगितलं. काशीनं वर पाहिलं. इझाबायच्या हातात तांब्या. आणि ती इझाबायच्या पायांवर पडली. "पाजलंस तू? माजी पोर तानेली न्हाय गेली? बाय गो, मी तुला काय काय बोलले... माजी जीब झडो. तू मरशील तवा मी येईन. जितं आसशील तितं येईन. मी घालीन तुज्या तोंडात पानी." इझाबाय ताठ उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ऊठ, काशे. ऊठ."

परत येताना गाडीत मी तिला म्हटलं, मी सांगते, उद्याच सांगते, सगळ्यांना. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "काय सांगशील? पाण्यानं मेली म्हणून? तिला काय उरलं गो आता? पोर तहानेली गेली नाय, एवढंच उरलं. तुझं हलकं करायला तिचं जड करू नको." मग म्हणाली, "चूक माझीच हाय. पाणी देऊ नको म्हटलं, का ते सांगितलं नाय. दणका बसला की पोट जागच्या जागी थांबतं, खाल्लंप्यालेलं तसंच पडून राहतं. आणि रक्त गेलं की तहान लागते, ती पाण्यानं भागत नाय. मला वाटायचं, सांगून काय कळणार लोकांना." पुढे ती असंही म्हणायची की नुसत्या पाण्यानंच मेली हे देवच जाणे, दुपारी भाकर खाल्ली होती तिनं, रक्त किती गेलं होतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणायची. मला त्यानं कधी बरं वाटलं नाही.

इस्पितळातून दवाखाना चालवणाऱ्या मिठागरवाल्या पंचांना चिठ्ठी गेली. दवाखान्याची अब्रू नको जायला म्हणून गावात त्यांनी वाच्यता केली नाही, पण इझाबायला बोलावून सांगितलं, यापुढे डॉक्टर नसताना तुम्ही अशा पोरांना हात लावायचा नाही, पट्ट्या बांधा, मलम लावा. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली नाही. भांडायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मग काय, पोरं यायची आणि बाकावर पडून राहायची, डॉक्टरांची वाट पाहत, नाहीतर घरचे त्यांना तसंच उचलून गाडीत घालायचे, हात-पाय धरून, पाणी पाजून. ती दारात उभी राहून सांगायची, असं नको, तसं धरा, पाणी का नको ते ऐका. आता ती कारण सांगायची, हात जोडून सांगायची, आणि आता तिचं ऐकायला कोणी बांधील नव्हतं. एकदा ताडावरून पडलेलं एक पोर गुरुवारी आलं. डॉक्टर शुक्रवारचे. गप्प होतं ते. तिनं लांबूनच ओळखलं आणि मला म्हणाली, "बघ, हे गप्प हाय." शुक्रवारी डॉक्टर यायच्या आत ते संपलं. अशी किती, मी मोजली नाहीत. ती मोजत असावी. या सगळ्याच्या मुळाशी माझ्या बंद तोंडाखेरीज दुसरं काही नव्हतं. दरवेळी मी ठरवायची की उद्या पंचांकडे जाईन. दहा वर्षांत तो उद्या आला नाही. नोकरी जाईल, मुली शाळेतून काढतील, काशीला कळेल... कारणं पुष्कळ सापडतात हो माणसाला.

तांब्या मात्र तिनं मला परत दिला नाही. दवाखान्यातल्या फळीवर ठेवला, नाव भिंतीकडे करून. काशी दर पंधरवड्याला यायची, कधी मूठभर जवळा, कधी शेवग्याच्या शेंगा घेऊन. आली की तांब्याकडे बघून हात जोडायची. इझाबाय त्या वेळी काहीतरी काम काढून आत जायची. आणि मी त्या वर्षापासून तिच्या माठातलं पाणी प्यायला लागले. ती एकदाच म्हणाली, "आता पितेस होय गो."

तर काशीनं शब्द पाळला. पाणी घेऊन आली. आणि पाणी गळ्याखाली उतरेना तेव्हा वाटी माझ्या हातात दिली, साऱ्या जगात माझ्याच हातात. इझाबायनं डोळे उघडले ते कोण पाजतंय हे पाहायला. तिनं ते दोन थेंब गिळले. माफ केलं म्हणून गिळले, की काशी बघत होती म्हणून, हे मला कधी कळणार नाही.

भाच्यानं गेल्या आठवड्यात तांब्या आणून दिला. "आत्याच्या दवाखान्यातल्या फळीवर होता, बाई. तुमचं नाव हाय त्यावर." मी तो घासूनपुसून भरून ठेवला. परवा रविवारी काशी बाजार करून माझ्या दारात टेकली. उन्हानं तोंड सुकलं होतं. तिची नजर तांब्यावर गेली. "इझाबायचा ना ह्यो?" मी हो म्हटलं. "त्यातलंच पानी द्या, बाई." मी दिला. तांब्या तोंडाला लावून ती सावकाश प्याली, पदरानं काठ पुसला, आणि पुसता पुसता तिचं बोट कोरलेल्या अक्षरांवर थांबलं. "ह्ये काय लिवलंय, बाई?"

"इझाबायचं नाव," मी म्हटलं.

तिनं त्या अक्षरांना हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

काशी, हिरी ही नावं मी इथं बदलली आहेत. काशीचं जड करू नको, हे इझाबायचं तेवढं तरी ऐकावं म्हणून. माझं नाव खरं आहे. खारीत दोन घरी वर्तमानपत्र येतं, काशीच्या घरी येत नाही. आलं असतं तरी वाचणार कोण? त्या घरात वाचता येणारी एकच होती. तांब्यावरचं नाव तिनं एका दमात वाचलं होतं.